आमच्या यजमानांबद्दल खुलासा

तीर्थरूप आत्यास,

लांबूनच, पण कमरेत वाकून नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे मी आणि आई. तिसरं कोणी नाही, आणि हे पत्र लिहिण्याचं कारणही तेच आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरतेस ना, की अजूनही शेजारणींना दाखवायला म्हणून तरातरा उतरतेस? आतोबांचा खोकला गेला का, की ते तुला अजून खोकूनच हाक मारतात?

तुझा निरोप पोचला, की जावईबापूंच्या छातीचं आणि बाहीचं माप कळव, निळी लोकर घेऊन ठेवली आहे, रविवारी येते आहे. आत्या, मी नमनाला घडाभर तेल घालत नाही. माझं लग्न झालेलं नाही. चोरून झालेलं नाही, सही करून झालेलं नाही, होता होता राहिलेलंही नाही. आईनं ज्यांच्याबद्दल ऐकलं ते यजमान आहेत हे खरं. मी दिवसभर त्यांच्याच तैनातीत असते हे खरं, आणि ते अधूनमधून तापतात, मग त्यांना गार हवेत ठेवावं लागतं हेही खरं. पण ते एक लोखंडी कपाट आहे. (मापच हवं असेल तर उंची माझ्यापेक्षा हातभर जास्त, छाती चौकोनी, बाह्या नाहीत, पाठीला वायरींचा झुपका.) लोकर दुकानदार परत घेतो का ते बघ.

एवढंच होतं तर फोन करायचा, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि आता हे प्रकरण बाबांपर्यंत गेलं आहे. त्यांनी आणलेलं ते स्थळ मी नाकारल्यापासून तुझा धाकटा भाऊ माझ्याशी आईमार्फत बोलतो हे तुला ठाऊक आहेच. (तिला सांग, पंखा बंद कर. आणि मी त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली.) ते बाबा या आठवड्यात स्वतः फोन लावून माझ्याशी बोलले. का बोलले ते पुढे येईलच. आता असे कोणी 'यजमान' नाहीतच हे बाबांना कोणीतरी सांगायला हवं, आणि सांगितलं की ते पुन्हा पंख्यापाशी जाणार, म्हणून मला भीती वाटते आहे. त्याच वेळी हसूही येतं आहे. दोन्ही एकदम होत असल्यानं अक्षर असं आलं आहे, सांभाळून घे.

तर आधी यजमान. आमच्या कचेरीत खोटे संगणक बनवतात. खोटे म्हणजे फसवे नव्हेत. एक खराखुरा दणकट संगणक घ्यायचा आणि त्याच्या पोटात आणखी दहा-बारा संगणक असल्याची बतावणी करायची, असा हा धंदा आहे आणि लोक आनंदानं त्याचे पैसे देतात. खऱ्याला होस्ट म्हणतात आणि पोटातल्याला गेस्ट. गेस्टला आपण खोटे आहोत याचा पत्ताच नसतो. तो बिचारा झोपेतून उठतो आणि पहिला प्रश्न विचारतो की मला काय काय आहे? मेंदू किती, घड्याळ कोणतं, निघायची वेळ झाली की दाबायचं बटण कुठे? याची उत्तरं एका तक्त्यात लिहिलेली असतात. खऱ्या संगणकाचा तक्ता त्याच्या कारखान्यातूनच भरून येतो. खोट्याचा कारखाना आम्हीच, तेव्हा तक्ता आमच्यापैकी कोणी भरायचा, या एका प्रश्नावर आमच्या इमारतीत माणसांचे केस पांढरे झाले आहेत. (उरले आहेत त्यांचे.)

इमारतीत मजले दोन. वरच्या मजल्यावर आम्ही, खोटे भाग घडवणारे; खोटी घड्याळं, खोटी बटणं, सगळं आमचं. खालच्या मजल्यावर फर्मवेअरवाले. फर्मवेअर म्हणजे गेस्टला झोपेतून उठवणारा एक छोटा प्रोग्राम. तो त्याला हलवून जागं करतो, तोंड धुवायला लावतो, तक्ता हातात देतो आणि बाजूला होतो. तक्ता हातात देणार खालचे, म्हणून तो लिहायचाही खालच्यांनीच, अशी रीत पडून गेली होती. पण आत काय बसवलं आहे ते माहीत आम्हाला! म्हणजे आम्ही नवं घड्याळ घडवलं की खाली निरोप द्यायचा, आणि खालच्यांनी त्यांच्या सवडीनं ते तक्त्यात चढवायचं. त्यात खाली फर्मवेअर दोन, एक जुना आणि एक नवा, आणि दोघांचे तक्ते वेगळे. त्यामुळे एकाच गेस्टला जुन्यानं उठवलं तर एक घड्याळ आहे असं तो म्हणायचा आणि नव्यानं उठवलं तर दोन. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एका उत्साही जीवानं ठरवलं की तक्ता आपणच लिहून टाकावा. (तो जीव म्हणजे मी.) मी लिहिला. खालच्यांनी त्यांचा लिहिणं काही थांबवलं नाही.

व्हायचं तेच झालं. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडच्या गेस्टच्या हाती दोन तक्ते पडले. एकात बंद व्हायचं बटण एका जागी, दुसऱ्यात भलत्याच जागी. तो दाबायचा, काहीच व्हायचं नाही, आणि तो तसाच ताटकळत जागा राहायचा. तुमचे गेस्ट जाता जात नाहीत, अशी रीतसर तक्रार आली. महिनाअखेरपर्यंत गेले नाहीत तर आम्ही जाऊ, असंही गिऱ्हाइकानं खाली लिहिलं होतं.

हे निस्तरायला वरून मला नेमलं आणि खालून बूटबाईंना. बूटबाई खालच्या मजल्याच्या प्रमुख. संगणक जागा होण्याला बूट होणं म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना हे नाव ठेवलं. त्यांना ते माहीत आहे. त्या आम्हा वरच्यांना कैलासवासी म्हणतात. आवाज असा की फोनवरसुद्धा आपण खांदे सरळ करून बसतो. आता अडचण अशी, की रोजच्या फोनवर गिऱ्हाइकाची माणसंही कान लावून बसलेली, आणि चूक कोणत्या मजल्याची ते त्यांच्यासमोर बोलायची चोरी. म्हणून आम्ही दोघी मध्येच मराठीत शिरायचो. पण मराठीत होस्ट-गेस्ट म्हटलं की त्यांना कळणारच, म्हणून होस्टला यजमान म्हणायचं ठरलं आणि गेस्टला पाहुणा. सरळ भाषांतर. यजमान या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. बूटबाई नवऱ्याला नावानं हाक मारतात, आणि मला नवराच नाही.

नेमकी त्याच दिवसांत आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली. तिचं बघायला मी घरून काम करत होते. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत म्हणून जे आहे ते प्लायवूड आहे. डोळ्यांत थेंब घातले की तिनं डोळे मिटून स्वस्थ पडायचं, असं डॉक्टरांचं सांगणं. डोळे मिटले की आईचे कान किती उघडतात ते डॉक्टरांना काय माहीत. ती अंथरुणावर पडून एकेक वाक्य टिपत होती, आणि मिटल्या डोळ्यांना यजमान दिसत नाहीत यात तिला काही नवल वाटलं नाही. यजमानांना सगळं माहीत असतं हो, पण ते पाहुण्याला सांगतच नाहीत. यजमान एक सांगतात आणि तुमची माणसं दुसरंच, पाहुण्याला वेड लागायची पाळी. आज यजमान सकाळी दोनदा बंद पडले. आणि मग तो दिवस उजाडला, ज्या दिवशी मी बूटबाईंना अगदी सहज सांगितलं की पाहुणा काही केल्या जाईना, शेवटी यजमानांनी त्याला मारून टाकलं. (आमच्यात असं रोज करतात, त्याला साधी कमांड आहे.) त्या संध्याकाळी आईनं मला बोलता बोलता विचारलं की तुझ्याकडे पाहुणे बरेच येतात का. मी म्हटलं, दिवसाला दहा-बारा. तिनं उशी दाराकडून भिंतीकडे केली.

पुढे भांडण मिटलं, आणि त्यानं आणखी घोटाळा झाला. आमच्या साहेबांनी आणि बूटबाईंनी एकमेकांना चहा पाजला आणि सगळे सभ्य झाले. त्या रात्री आम्ही मोठ्या मनानं आमचा तक्ता काढून टाकला, की खालच्यांचा राहू दे. खालच्यांनी त्याहून मोठ्या मनानं त्यांचा काढून टाकला, की वरच्यांचा राहू दे. सकाळी पाहुणा उठला तर हातात काहीच नाही. आपल्याला एकच मेंदू आहे, घड्याळ नाही, बटण नाही, असं समजून तो कोपऱ्यात बसून राहिला. त्यावर बूटबाई फोनमध्ये खणखणीत आवाजात म्हणाल्या की दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते हेच. फोन स्पीकरवर होता. म्हणजे या घरात पाहुण्यांना आधी उपाशी ठेवतात आणि मग मारतात, अशी आईची पक्की समजूत झाली, आणि तिनं तुला फोन केला.

आत्या, त्या फोनबद्दल मला आईचं कौतुक वाटतं. तिनं तुला खुनाचं अवाक्षर सांगितलं नाही. पोरीनं परस्पर लग्न केलं आहे, यजमान जरा तापट आहेत, एवढंच. जावई म्हटला की त्याचं झाकायचं, मग त्यानं काहीही केलेलं असो. तू ते बाबांना सांगितलंस, आणि बाबांनी मला फोन केला.

मी तेव्हा कामात गळ्यापर्यंत बुडालेली. पलीकडून बाबांचा आवाज ऐकून मी खुर्चीतून उठलेच. त्यांनी घसा साफ केला आणि यजमान कसे आहेत म्हणून विचारलं. मला वाटलं, आईनं त्यांना माझ्या कामाचं काहीतरी सांगितलं. इतका आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या कामाबद्दल बाबांनी आजवर एक प्रश्न विचारलेला नाही. मी भडाभडा सांगत सुटले की सकाळी तापले होते, आता गार केले आहेत. कामाला कुठे असतात? जागचे हलत नाहीत, चोवीस तास काम, एक दिवस सुट्टी घेत नाहीत. बोलायला कसे आहेत? माझ्याशी नीट बोलतात, पण पाहुण्यांशी स्वतःहून बोलत नाहीत, त्यासाठी खालच्या मजल्यावरच्या बाई लागतात. मला आता कळतं की कष्टाळू, घरकोंबडा आणि पाहुण्यांशी न बोलणारा जावई म्हणजे त्यांना आरशात पाहिल्यासारखं झालं असणार. मग ते म्हणाले, “तू सुखात आहेस ना?”

मी म्हटलं, “हो बाबा.”

ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मी तशीच उभी. माझे डोळे भरून आले होते, आणि थेंब घालायचे होते आईच्या डोळ्यांत. तिकडे गेले तर ती उठून बसलेली, बॅग भरलेली. माझी नव्हे, तिची नव्हे, दोघींची. ती म्हणाली, “पोरी, तापट असला तरी मी खपवून घेतलं असतं. पण पाहुण्यांना मारणारा नको. घरी चल.” त्यानंतर जे हसले ते बूटबाईंचा फोन आला तरी थांबत नव्हतं. हसता हसता बाबांचा फोन आठवला, आणि मग थांबलं.

आईला पटेना. कपाट म्हणजे काय कपाट, कपाटाला कोणी यजमान म्हणतं का, वगैरे. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला काळा चष्मा लावून कचेरीत नेलं. यंत्रांच्या गार खोलीत यजमान मधल्या रांगेत उभे होते. आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पदर सावरला आणि निदान रंग तरी बरा निवडायचा होतास असं म्हणाली. तेवढ्यात बूटबाई आल्या. अंगात दोन स्वेटर आणि वर मफलर. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि स्वतःचा मफलर काढून तिच्या गळ्यात घातला. आईचं पाच मिनिटांत त्यांच्याशी असं जमलं की माझ्या लहानपणच्या गोष्टी निघाल्या. मी त्या जाणूनबुजून इथे लिहीत नाही.

त्याच दिवशी शेवटची परीक्षा होती. बूटबाई आणि मी भांडून भांडून एका ठिकाणी आलो होतो. आत काय आहे ते ज्याला माहीत त्यानंच तक्ता लिहायचा, म्हणजे आम्ही, एकदाच, आणि जुन्या-नव्या दोन्ही फर्मवेअरनी तोच वापरायचा. पण पाहुण्याच्या आठवणीत कुठला कप्पा रिकामा आहे ते आम्हाला वरून दिसत नाही, ते खालच्यांनाच कळतं. आणि तक्ता म्हणजे खरं तर तक्त्यांचा गठ्ठा, एकात दुसऱ्याचा पत्ता लिहावा लागतो. तेव्हा पत्त्याच्या जागा आम्ही कोऱ्या सोडायच्या आणि सोबत चिठ्ठी द्यायची, की जिथे ठेवाल तिथला पत्ता इथे भरा. खालच्यांनी आपल्या मनानं बाकी काही लिहायचं नाही, नुसतं ठेवायचं आणि भरायचं. इतकं सोपं, आणि त्यासाठी दोन मजले, एक मोतीबिंदू आणि बाबांचा फोन एवढं सगळं व्हावं लागलं.

पाहुण्याला उठवलं तर त्यानं तक्ता वाचलाच नाही. गिऱ्हाइकाची माणसं समोर पडद्यावर. माझी पाचावर धारण बसली. झालं होतं असं, की तक्त्यातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज शून्य यावी असा नियम आहे. (ती शून्य कशी येते ते विचारू नकोस, हातचे सोडून देतात असं समज.) बेरीज चुकली की तक्ता खराब समजून पाहुणा तो फेकून देतो. मी हौसेनं वरूनच बेरीज शून्य करून पाठवली होती, आणि खाली पत्ते भरल्यावर ती बिघडली. बूटबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, “अगं, बेरीज शेवटी करतात. आधी कोण करतं?” मी मान खाली घालून चिठ्ठीत शेवटची ओळ वाढवली, की पत्ते भरून झाले की मग बेरीज तुम्हीच करा. पुन्हा उठवलं. पाहुणा उठला, घड्याळ एक म्हणाला, मेंदू मोजले, बटण पाहिलं. गिऱ्हाइकाच्या माणसानं त्याला निघायला सांगितलं. त्यानं बटण दाबलं आणि तो शहाण्यासारखा निघाला. मी भर खोलीत मराठीत ओरडले की पाहुणा गेला, सुखानं गेला! मागून आईनं काळ्या चष्म्याआडून हात जोडले आणि म्हणाली, “सुटला बिचारा.”

असो. आई ठीक आहे, डोळा निवळतो आहे. तिला आता यजमानांबद्दल काही तक्रार नाही, उलट त्यांना एवढ्या गारठ्यात ठेवता म्हणून तिनं बूटबाईंना सुनावलं. आतोबांना नमस्कार सांग. जिना सांभाळ.

तुझी भाची,
अविवाहित, ठणठणीत

ता. क. लोकर परत करू नकोस. बूटबाईंची छाती अडतीस, बाही तुझ्याएवढीच, आणि त्यांचे दोन्ही स्वेटर कोपरावर फाटले आहेत. तेव्हा रविवारी ये. सोमवारी कचेरीत नेऊन यजमान दाखवते, ते घरचेच आहेत.

ता. क. दुसरा. पुन्हा असा घोळ नको म्हणून आम्ही 'यजमान' हा शब्द कामातून काढला आहे. जिला सगळं माहीत असतं, जी सगळ्यांना पोटात जागा देते आणि जिच्या मर्जीशिवाय पाहुण्याला हलता येत नाही, तिला काय म्हणायचं, असा प्रश्न आला तेव्हा दोन्ही मजल्यांनी एकमुखानं 'आत्या' हा शब्द पसंत केला. तेव्हा आई जर फोनवर म्हणाली, की आत्या सकाळपासून अडून बसली होती, शेवटी वायर उपटून उठवली, तर ते मनाला लावून घेऊ नकोस.

ता. क. तिसरा. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? बाबांना हे तू सांग. मला जमणार नाही, आणि आईनं सांगितलं तर ते तिलाच 'तिला सांग' म्हणतील. तू त्यांची थोरली बहीण, तुझ्यासमोर त्यांना पंखा सापडत नाही. यजमान नाहीत, होणार असं काही दिसत नाही, त्यांना वाईट वाटेल ते वाटू दे, रागावले तर रागावू दे. पण एवढं नक्की सांग, की त्यांनी फोनवर शेवटी जे विचारलं ते मलाच विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं ते यजमान धरून म्हटलं नव्हतं. ते खरं होतं, आजही आहे. खात्री वाटत नसेल तर पुन्हा विचारा म्हणावं. मी रविवारी दिवसभर घरीच आहे.